मर्शेल घाबरत नव्हती

मर्शेल मालगास ज्या दुकानात कामाला होती तिथं फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि मोबाइल मिळायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या युटनहेगच्या मॉलमधलं ते सगळ्यात मोठं दुकान. पण गावातल्या गाड्यांच्या कारखान्याचे पगार होऊन पहिली गर्दी ओसरली की उरलेला महिना माशा मारत बसायचं. त्या हिवाळ्यात एका सकाळी दोन माणसं व्हॅनमधून एक अजब खुर्ची घेऊन आली. शर्यतीच्या गाडीत असते तशी खोल सीट, पुढे स्टिअरिंग, खाली पेडल आणि समोर भलामोठा टीव्ही. मोटारींच्या शर्यतीचा एक नवा गेम बाजारात यायचा होता, त्याचा हा डेमो. एकच गाडी, एकच ट्रॅक, हवा तितक्या वेळा पळवा. बाजूच्या बोर्डावर लिहिलं होतं की देशभरात जे सगळ्यात वेगानं फेरी मारतील त्यांना जोहान्सबर्गजवळच्या खऱ्या ट्रॅकवर शिबिराला बोलावलं जाईल, आणि त्यातून निवडला जाईल तो एकजण वर्षभर युरोपात खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरेल.

मॅनेजर डेव्हिड्सनं मर्शेलला त्या खुर्चीपाशी उभं केलं.

"गिऱ्हाईक आलं की बसवायचं, हसायचं आणि घरी खेळायचं मशीन गळ्यात मारायचं," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं पुस्ती जोडली, "हसणं जमलं तर बघ."

ते जमत नव्हतं, आणि का जमत नव्हतं हे ती राहायची त्या अख्ख्या रोझडेल वस्तीला ठाऊक होतं. मागल्या वर्षी इस्टरनंतर मर्शेल, तिचे वडील इसाक आणि आई सिल्व्हिया स्टेटलरव्हिलहून नातेवाइकांकडचं लग्न आटोपून परत येत होते. दिवस मावळायला आला होता. इसाक गाडी चालवत होते, सिल्व्हिया शेजारी बसली होती, मर्शेल मागच्या सीटवर कानात गाणी लावून. रस्त्याकडेच्या कुंपणावरून एक कुडू उडी मारून आला. कुडू म्हणजे बैलाएवढं हरीण. ते थेट काचेवर आलं, सिल्व्हियाच्या बाजूला. इसाकच्या कपाळाला चार टाके पडले. मर्शेलला ओरखडासुद्धा आला नाही. कुणावर चिडावं म्हटलं तर चिडायला कुणी नव्हतं. ना कुणी दारू प्यालेला, ना कुणाचा ब्रेक निकामी. जनावर रस्त्यावर आलं आणि तेही मेलं.

अंत्यविधीला मर्शेलनं सगळ्यांना चहा दिला, कपबश्या विसळल्या, उरलेला केक शेजारीपाजारी वाटला. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची आहे. तिला रडू आलं नव्हतं एवढंच. आधी तिला वाटलं, धक्का बसलाय, उद्या येईल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात येईल. मग वाट बघायचंही राहून गेलं. जेवण चवीला कसं होतं हे तिला सांगता यायचं नाही. चहा गार झालाय हे कप संपल्यावर कळायचं. कुणी विनोद केला की तो विनोद आहे हे तिच्या ध्यानात यायचं, पण तेवढंच. दुःख झालं असतं तर निदान काहीतरी झालं असतं.

घरी इसाकचंही तसंच. गाड्यांच्या कारखान्यात त्यांची उभी हयात रंगाच्या विभागात गेली होती. अपघातानंतर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली बाक टाकून बसायला लागले. ते पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत, हे कुणी बोललं नव्हतं. सगळे ते धरून चालले होते.

तर त्या खुर्चीवर शाळेची पोरं यायची, कारखान्यातली शिफ्ट सुटलेली माणसं यायची. मर्शेल बाजूला उभी राहून बघायची. वळण आलं की पोरं ओरडायची, अंग वाकडं करायची, जीभ दाताखाली धरायची. एखाद्याची फेरी छान चालली असली की शेवटच्या वळणावर त्याचा घात ठरलेला, कारण आता जमतंय या आनंदानंच त्याचा पाय जड व्हायचा. हे तिच्या ध्यानात आलं. एका रिकाम्या दुपारी डेव्हिड्स जेवायला गेला होता, तेव्हा ती स्वतः बसली.

पहिल्या दिवशी ती दर वळणाला गवतात गेली. दुसऱ्या दिवशी कमी. महिनाअखेर तिचं नाव त्या दुकानाच्या यादीत सगळ्यात वर होतं आणि खालच्या पोरांना ते खरं वाटत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही रोज फुकट खेळता म्हणून," एक पोरगा म्हणाला.

"तूही रोजच येतोस की," मर्शेल म्हणाली.

तिला मजा येत होती असं नाही. पण त्या फेरीपुरतं काही वाटावं अशी कुणाची अपेक्षा नसायची. वळण यायचं, ब्रेक, स्टिअरिंग, पाय पुन्हा खाली. पुढचं वळण यायचं. मागच्यात काय चुकलं याची खंत नाही, पुढच्यात काय होईल याची धाकधूक नाही. बाकीच्यांना जे अडवत होतं ते तिच्यापाशी नव्हतंच.

शिबिराचा फोन दुकानातच आला. डेव्हिड्सनं तो घेतला आणि फोन ठेवल्यावर टाळ्या पिटत बाहेर आला. "देशातल्या बारा जणांत! अगं मालगास, बारा जणांत! पूर्व केप प्रांतातून तू एकटी!"

"हो का," मर्शेल म्हणाली.

"'हो का' काय? उडी मार, किंचाळ, काहीतरी कर."

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही."

डेव्हिड्स हसायला लागला आणि मग थांबला. ते खरं होतं. तिच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि शिबिराच्या अटीत पक्का परवाना लिहिला होता. मधे जेमतेम दोन महिने.

ही बातमी संध्याकाळपर्यंत रोझडेलमध्ये पोचली, कारण डेव्हिड्सची बायको आणि आंटी डोरीन एकाच चर्चच्या गायनात होत्या. डोरीन मालगासांच्या शेजारी राहायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याची लाल गोल्फ गाडी तिच्या अंगणात तशीच उभी होती. त्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

"टीव्हीवर गाडी पळवते आणि खरी चालवता येत नाही!" कुंपणावरून डोरीननं सुरुवात केली. "म्हणजे मी टीव्हीवर स्वयंपाक बघते म्हणून मला हॉटेल काढायला हरकत नाही."

"आंटी डोरीन, मी कुठं म्हणाले मी जाणार आहे?"

"जाणार नाहीस तर काय करणार? बापाच्या शेजारी दुसरा बाक टाकणार? इसाक! ऐकतोयस ना? माझी गोल्फ घे. कोंबड्यांना मी समजावते. पोरीला शिकव."

इसाकनी मान वर केली नाही. "मी नाही शिकवत," ते म्हणाले.

"का?"

"नाही शिकवत, डोरीन."

डोरीननं गाडीची चावी आणि रविवारी केलेल्या कुकसिस्टरचा, म्हणजे पाकात घोळलेल्या तळणीचा, एक डबा कुंपणाच्या खांबावर ठेवून दिला आणि आत गेली. तो डबा रात्रीतून कुणी हलवला नाही, मुंग्यांनी तेवढा खाल्ला. चावी मात्र सकाळी खांबावर नव्हती. मर्शेल कामावरून परतली तेव्हा इसाक गोल्फचं तोंड उघडून आत वाकलेले होते, आणि नवी बॅटरी जमिनीवर पडली होती.

"आतून झाडून घे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "अंड्यांचा वास येतोय."

रेल्वेच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमागं एक लांब, मोकळा रस्ता आहे. तिथपर्यंत ती गाडी कारखान्यातल्या एका पोरानं नेऊन दिली. त्यानंतर शिकवणी सुरू झाली. इसाक शेजारच्या सीटवर बसायचे, दोन्ही हात मांडीवर, आणि जेवढे लागतील तेवढेच शब्द बोलायचे. "क्लच." "हळू." "आरसा." मर्शेलनं गाडी पहिल्याच दिवशी इतक्या वेळा बंद पाडली की कुंपणापलीकडची गुरं राखणारा म्हातारा खुर्ची आणून बसला. टीव्हीवरच्या गाडीला क्लच नव्हता. तिला वजनही नव्हतं. ही लाल गाडी पुढे जाताना मागे ओढायची, थांबताना पुढे ढकलायची, वळताना एका बाजूला झुकायची. मर्शेलला ते कळत होतं. आवडतंय की नाही हे सांगता आलं नसतं.

इसाकच्या पायाशी ब्रेक नव्हता, तरी त्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जायचा. मर्शेलनं ते पाहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक कुत्रा रस्त्यात आला. मोठं काही नाही, एक पिवळं मरतुकडं कुत्रं, आणि बरंच लांब. मर्शेलनं ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली, कुत्रं शेपूट हलवत गेलं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. इसाकनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि ते खाली उतरून चालायला लागले.

"डॅडी?"

ते थांबले नाहीत. दारही लोटलं नव्हतं. मर्शेलनं वाकून ते ओढून घेतलं, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि त्यांच्या मागोमाग निघाली. ते चालत होते त्याच वेगानं. जास्त झालं की क्लच दाबायचा, कमी झालं की जरासा सोडायचा. वर्कशॉपच्या मागून, चर्चवरून, शाळेच्या मैदानाला वळसा घालून अख्ख्या रोझडेलमधून इसाक मालगास पुढे आणि लाल गोल्फ मागे, अशी वरात घरापर्यंत गेली. मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी भोंगे वाजवले. कुणी खिडकीतून ओरडलं, "अंकल, पोलिसांनी धरलं की काय!" इसाकनी मागं पाहिलं नाही.

डोरीन फाटकात उभी होती. "देवा रे," ती म्हणाली, "इतकं हळू तर शवपेटीची गाडीही जात नाही." मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडावर हात ठेवून आत पळाली.

इसाक अंगणात जाऊन बसले. मर्शेलनं गाडी लावली आणि चहा केला. कप हातात घेताना ते म्हणाले, "क्लच जमला."

"हो."

"एकदाही बंद नाही पडली."

"नाही पडली."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेजारी येऊन बसले.

परीक्षेत मर्शेल पास झाली. तिथं वेगाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक फाट्याला थांबा, खांद्यावरून मागं बघा, आरसा बघा, पुन्हा आरसा बघा, हँडब्रेक ओढा. परीक्षक बाईंना ती फार पसंत पडली. "कित्येक वर्षांत इतकी शांत मुलगी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. मर्शेलनं आभार मानले.

शिबिर जोहान्सबर्गच्या बाहेर होतं, गवताळ माळावर. सकाळी गवतावर दव गोठलेलं असायचं. बारा जणांत ती एकटीच मुलगी. तिच्या शेजारच्या खोलीत डर्बनचा क्रीसन नायकर होता, तिथल्या चॅट्सवर्थ या भारतीयांच्या वस्तीतला, गोल चेहऱ्याचा, तोंडाला कुलूप नसलेला. त्याच्या आजीनं त्याच्याबरोबर लोणच्याची बरणी दिली होती आणि तो अंड्याबरोबर, सँडविचबरोबर, सगळ्याबरोबर ते खायचा.

"घे," तो पहिल्या दिवशी नाश्त्याला म्हणाला. "माझ्या आजीचं लोणचं खाऊन मेलेला माणूसही पाणी मागतो."

मर्शेलनं मोठी फोड खाल्ली. क्रीसन वाट बघत राहिला.

"काय गं, तिखट नाही लागलं?"

"लागलं असेल," ती म्हणाली.

सगळ्यांच्या छातीला एक पट्टा बांधला होता. त्यावरून हृदयाचे ठोके मोजले जायचे आणि गाड्या लागायच्या तिथल्या टीव्हीवर नावासमोर आकडा दिसायचा. क्रीसनचा आकडा नाश्ता करतानाच मर्शेलच्या गाडी चालवतानाच्या आकड्यापेक्षा वर असायचा. पोरांना त्याची फार गंमत वाटायची. त्यांनी पैजा लावायला सुरुवात केली की मर्शेलचा आकडा कशानं वाढेल. कुणी तिच्यामागं कागदी पिशवी फोडली. कुणी तिच्या बुटात रबरी साप ठेवला. तिनं तो काढून टेबलावर ठेवला आणि बूट घातले.

गाडीत ती चांगली होती. खरंच चांगली होती. ट्रॅक तोच होता जो डेमोत होता. प्रत्येक वळण तिला ठाऊक होतं, आणि गाडीचं वजन आता तिच्या ओळखीचं झालं होतं. शिकवायला जे जुने शर्यतपटू आले होते त्यांचा म्होरक्या स्ट्रोबेल. साठीचा, डाव्या पायानं लंगडणारा, कमी बोलणारा. तो तिच्या शेजारी बसून दोन फेऱ्या फिरला आणि उतरताना "हं" एवढंच म्हणाला. क्रीसन म्हणाला की स्ट्रोबेलचं "हं" म्हणजे इतरांचं अर्धं भाषण.

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. ट्रॅक वाळत आला होता, फक्त उतारानंतरच्या मोठ्या डाव्या वळणावर झाडांच्या सावलीत एक पट्टा ओला राहिला होता. डेमोत तिथं कधी पाऊस पडला नव्हता. आधी गेलेल्या सगळ्यांनी तिथं पाय काढला. काहींनी तर फारच आधी काढला आणि मग स्वतःला शिव्या घातल्या. मर्शेलनं रोज जिथं काढायची तिथंच काढला.

गाडीचा मागचा भाग सुटला. माळ, झाडं, आभाळ, पुन्हा माळ, असं सगळं तिच्यासमोरून आडवं गेलं. खडीत गाडी घुसली, उसळली, टायरांच्या भिंतीपाशी उलट्या तोंडानं थांबली. भिंत आणि गाडी यांच्यात एक माणूस उभा राहू शकला असता, दोन नाही. धूळ काचेवर बसली. इंजिन बंद पडलं होतं. मर्शेलनं क्लच दाबला, ते सुरू केलं, खडीतून वाट काढत गाडी ट्रॅकवर आणली आणि उरलेली फेरी पूर्ण केली.

ती परत आली तेव्हा सगळे टीव्हीखाली जमले होते.

"हललाच नाही!" एकजण ओरडत होता. "तिचा आकडा हललाच नाही!"

"बर्फ आहे, बर्फ!" दुसऱ्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. चित्रण करणाऱ्या मुलीनं कॅमेरा तिच्या तोंडासमोर आणला आणि विचारलं, कसं वाटतंय. मर्शेलनं विचार केला आणि म्हणाली, "चाकात खडी अडकलीये, काढायला हवी." सगळे हसले. क्रीसन तेवढा हसला नाही. तो पांढराफटक पडला होता आणि त्याच्या आकड्यानं त्या दिवसाचा उच्चांक केला होता. तो तर गाडीत बसलाही नव्हता.

स्ट्रोबेलनं तिला बाजूला बोलावलं. टायरांच्या गंजीवर तो बसला, तिलाही बसायला सांगितलं.

"तो ओला पट्टा दिसला होता तुला?"

"दिसला होता, सर."

"मग?"

"मग काही नाही. दिसला."

"गाडी फिरली तेव्हा काय वाटलं?"

"काही नाही."

"भिंत दिसली तेव्हा?"

"भिंत आहे असं वाटलं."

त्यानं पाय चोळला. "शेवटचं कधी घाबरली होतीस?"

मर्शेलनं आठवून पाहिलं. मग तिनं सांगितलं. स्टेटलरव्हिलचा रस्ता, मावळता दिवस, कुडू, आई. बस कुठून सुटते आणि कुठं पोचते हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

"त्यानंतर काहीच नाही?"

"नाही, सर."

"उद्या निवडीची शर्यत आहे, मी तुला गाडीत बसवणार नाही," तो म्हणाला.

"बरं."

"भांड तरी माझ्याशी. कालपर्यंत तू पहिल्या तिघांत होतीस."

"तुम्ही ठरवलंत ना?"

"हे बघ," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चीड आली, "ही बाहेरची पोरं तुला शूर म्हणतायत. मी शूर माणसं पाहिलीत. ती इतकी घाबरायची की शर्यतीआधी त्यांना ओकारी व्हायची, आणि तरी बसायची. तुझं ते नाही. तुझ्या आत जे हात वर करून सांगतं, थांब, इथं काहीतरी निराळं आहे, ते झोपलंय. तू शिकलेलं सगळं बिनचूक करतेस. पण न शिकवलेलं समोर आलं की तू त्यात सरळ जाणार, आणि मला तुझ्या घरी फोन करावा लागणार. घरी कोण आहे?"

"डॅडी आहेत."

"मग मी तो फोन करणार नाही."

तो उठला. दोन पावलं जाऊन वळला. "कुणाशी तरी बोल, पोरी. डॉक्टरशी, पाद्र्याशी, कुणाशीही." ती मान हलवून "हो" म्हणाली. असं तिला आधीही अनेकांनी सांगितलं होतं.

पोरं भडकली. क्रीसन तर स्ट्रोबेलच्या खोलीपर्यंत जाऊन आला आणि तितकाच भडकलेला परतला. मर्शेल बॅग भरत होती.

"तुला काहीच कसं वाटत नाही?" तो दारात उभा राहून म्हणाला. "तुझं हिसकावून घेतलं त्यांनी!"

"तू उद्या नीट चालव," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणाला तू स्टिअरिंग फार लवकर फिरवतोस."

त्यानं अर्धी उरलेली लोणच्याची बरणी तिच्या बॅगेत कोंबली. मग तिचा फोन मागून घेतला आणि त्यात आपला नंबर घातला. "उचलला नाहीस तर युटनहेगला येऊन दार वाजवीन," तो म्हणाला.

युटनहेगजवळच्या पोर्ट एलिझाबेथच्या विमानतळावर इसाक आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात धरून. टॅक्सीनं आले होते आणि टॅक्सीनंच परत जायचं होतं. टॅक्सी म्हणजे तिकडची मिनीबस; तिच्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती, गाणं ठणाणा वाजत होतं, पुढची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. वारा नेहमीसारखा सुटला होता.

"का पाठवलं परत?" इसाकनी विचारलं.

"मी घाबरत नाही म्हणून."

त्यांनी मान डोलावली, जणू हे कारण त्यांना ओळखीचं होतं. टॅक्सीत दोन माणसं चढली, एक उतरला, सगळे सरकले.

"मलाही काही वाटत नाही," इसाक म्हणाले. गाण्यामुळे ते तिच्या कानाशी वाकले होते. "सकाळी उठतो, ती नाही हे आठवतं. आज रविवार नाही हे आठवतं तसं. मला वाटलं, माझं वय झालं म्हणून. मग वाटलं, मी चालवत होतो म्हणून देवानं ते काढून घेतलं. तू एवढी धडधाकट बघून वाटायचं, निदान पोरगी ठीक आहे."

"मला वाटायचं तुम्ही आतल्या आत रडत असाल."

"नाही."

"मीही नाही."

पुढच्या बाईच्या कोंबडीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी गाडीत तू गाणी ऐकत होतीस," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुला कळलं नाही. ती हसत होती. त्या नवऱ्यामुलाच्या मामानं भाषणात नवरीचं नाव चुकवलं होतं ना, त्याची नक्कल करत होती. दुसऱ्यांदा करत होती, पहिल्यांदा मी हसलो नव्हतो म्हणून. दुसऱ्यांदा मी हसलो."

मर्शेलनं त्यांच्याकडे तोंड वळवलं. तिला काही वाटलं का? तसं म्हणता येणार नाही. पण हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं. त्या मामानं नवरीला काय म्हटलं होतं, असं तिनं विचारलं. इसाकनी ते सांगितलं. घर येईपर्यंत दोघं त्या लग्नाबद्दलच बोलत होती, कुणी काय घातलं होतं, मटण कमी कसं पडलं.

दुकानात ती पुन्हा कामाला गेली. डेमोची खुर्ची व्हॅनवाले घेऊन गेले होते आणि तिथं डेव्हिड्सनं हीटर मांडले होते. पोरं चार दिवस आली, हळहळली आणि यायची बंद झाली. शिबिरात क्रीसन पहिला आला आणि युरोपला गेला. तो फोन करायचा. थंडीबद्दल, जेवणाबद्दल, तिथं त्याला कुणी धड नावानं हाक मारत नाही याबद्दल तक्रारी करायचा. मर्शेल ऐकायची. संध्याकाळी ती गोल्फ घेऊन डोरीनला गायनाच्या सरावाला सोडायची. इसाकही कधीकधी मागं बसायचे.

उन्हाळा लागला होता तेव्हाची गोष्ट. मर्शेल गोदामात फ्रिजचे खोके मोजत होती. फोन वाजला.

"मी आहे," क्रीसन म्हणाला. त्याचा आवाज लांबून आणि जाड येत होता. "तू बातम्यांत बघशील म्हणून आधीच सांगतो. गाडी उलटली. तीनदा. मी ठीक आहे. हाताचं हाड मोडलंय आणि दात... अगं, ऐकतेयस ना? मी ठीक आहे. आजीला सांगू नकोस, तिला मी सर्दी झालीये म्हणून सांगितलंय."

मर्शेलनं काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तिला नंतर आठवेना. ती खोक्यांच्या मधे खाली बसली. फोन धरलेला हात इतका हलत होता की तो कानावर टेकेना. तिनं दुसऱ्या हातानं तो धरला, तर दुसराही हलायला लागला.

"मर्शेल? काय झालं गं? मोडलेला मी आहे!"

"किती वेगात होतास?" ती ओरडली. "मूर्खा, किती वेगात होतास तू?"

त्याच्यावर तिनं कधीच आवाज चढवला नव्हता. मग तो हसायला लागला, हसताना त्याला दुखलं आणि तो कळवळला. त्यावर ती पुन्हा ओरडली.

आवाज ऐकून डेव्हिड्स आत आला आणि तिला तसं बघून घाबरला. पाणी आणायला धावला. तिनं अर्धं पाणी अंगावर सांडलं. "घरी जा," तो म्हणाला. "गाडी चालवू नकोस या अवस्थेत. मी सोडतो."

इसाक अंगणात होते. तिला भरदुपारी आलेली पाहून उठून उभे राहिले. तिनं सांगितलं. सांगताना तिचे दात एकमेकांवर आपटत होते, उन्हात.

"आणि तो पोरगा?"

"बरा आहे. हात मोडलाय. बरा आहे तो." ती बाकावर बसली. "डॅडी, थांबत नाहीये हे."

इसाक तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर फारसं काही नव्हतं. त्यांनी वाकून तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, गच्च दाबून धरले, आणि कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "डोरीन! जरा इकडे ये. लवकर ये."